आढळले नाही

सर डबा उघडायला बसले की आम्ही बाकीचे नकळत आपापल्या डब्यावर झाकण ओढायचो. ते कुणाला काही बोलायचे नाहीत. नुसते बघायचे. बटाट्याच्या काचऱ्यांकडे, पोळीच्या घडीत चमकणाऱ्या तेलाकडे, लोणच्याच्या फोडीकडे. त्या बघण्यात तुच्छता असती तर आम्ही सोसली असती, पण त्यात काळजी असायची. आपण रस्ता ओलांडत असताना समोरचा माणूस आपल्या मागून येणाऱ्या ट्रककडे बघतोय, तसं वाटायचं आणि घास तोंडात फिरायचा.

मी त्यांच्या हाताखाली साडेपाच वर्षं काम केलं. सातपूरच्या बाजूला आमची लॅब आहे. द्राक्षं परदेशात जाण्याआधी त्यांच्यात फवारणीच्या औषधांचा अंश किती उरलाय ते तपासून द्यायचं, हे आमचं मुख्य काम. हंगाम लागला की निफाड, दिंडोरीकडून पिशव्या यायला लागतात आणि व्हरांड्यात शेतकरी बसून राहतात. रिपोर्ट पास झाला तर माल कंटेनरमध्ये, फेल झाला तर मिळेल त्या बाजारात. त्या बसलेल्या माणसांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत व्हायची नाही, कारण मी स्वतः द्राक्षवाल्याची मुलगी. सायखेड्याची. सरांनी पहिल्या दिवशी माझा अर्ज वाचला, "सायखेडा?" म्हणाले, आणि तेच माझं नाव होऊन बसलं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या डब्यातल्या मेथीकडे बघून त्यांनी विचारलं, "ही कुठली?"

"घरची, सर."

"घरची म्हणजे? घरात उगवली?"

"मळ्यातली."

"बांधाला द्राक्ष आहे?"

"आहे."

त्यांनी नुसती मान हलवली. सोमवारी मी गावाहून येताना मुकाट्याने एक जुडी घेऊन आले. आम्ही ती वाटली, अर्क काढला, मशीनला लावला. दोन औषधं निघाली, दोन्ही मर्यादेच्या खूप आत. माझा चेहरा पाहून सर म्हणाले, "घाबरू नकोस. मर्यादा विचार करूनच ठरवलेली असते. एवढ्याने कुणाला काही होत नाही. घरी जाऊन आईशी भांडू नकोस."

हे मी मुद्दाम सांगतेय. एके काळी सर असं म्हणू शकत होते.

कामात त्यांच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आलेखावरच्या रेषा बघून हे द्राक्ष आहे की डाळिंब, ते नाव न वाचता सांगायचे. दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा पटला नाही तर सगळा नमुना पहिल्यापासून करायला लावायचे. "आकडा आवडला नाही म्हणून बदलायचा नसतो," एवढंच त्यांचं तत्त्व. आणखी एक वाक्य ते नेहमी म्हणायचे. आमच्या रिपोर्टात एखादं औषध सापडलं नाही की पुढे 'आढळले नाही' असं छापलेलं येतं. शेतकरी ते वाचून खूश होऊन जायचा. तो गेला की सर माझ्याकडे वळायचे. "आढळलं नाही म्हणजे नाही असं नसतं, सायखेडा. आपल्या मशीनला दिसलं नाही, इतकंच आपल्याला कळलं."

विज्ञान म्हणून हे अगदी बरोबर आहे. पण हे वाक्य घेऊन माणूस जेवायला बसला तर काय होतं, ते मी पाहिलं.

सुरुवात कशी झाली ते मला वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, खूप नंतर सांगितलं. त्यांची मुलगी सई दीड वर्षाची असताना तिच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठायच्या. डॉक्टर म्हणाले, ती काय खाते ते रोज लिहून ठेवा. सरांनी वही सुरू केली. तिसऱ्या वाढदिवसाच्या आत गांधी आपोआप बंद झाल्या. वही बंद झाली नाही. आधी तीत सईचं खाणं होतं, मग तिघांचं, मग खाण्याशेजारी कुठून आणलं ते, मग कशाने धुतलं ते.

साखर आणि मैदा सोडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. पोट गेलं, चालणं हलकं झालं. लोक जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे सल्ला मागायला यायचे. तेल सोडलं तेव्हाही आम्ही मान डोलावली. त्यांनी घरी छोटा घाणा आणला होता, पण वर्षभरात शेंगदाण्यावरच विश्वास उरला नाही. मग दूध गेलं, गाईंना इंजेक्शनं देतात म्हणून. चहा गेला. तांदूळ गेला. तूरडाळ गेली. प्रत्येक वेळी त्यांच्याकडे कारण असायचं आणि ते ऐकताना खरंच वाटायचं. त्यांच्याशी वाद घालणं अवघड होतं, कारण आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. थट्टा तेवढी करता यायची, आणि ती आम्ही बरीच वर्षं केली.

मलाही ते लागलं. हे मी लवकर कुणाला सांगत नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला कॉलेज रोडला मिसळ खायला गेलो होतो. प्लेट समोर आली आणि मला तर्रीत काय काय असेल ते दिसायला लागलं. पाव हातात घेऊन मी बराच वेळ बसले आणि पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. घरी गेले तर आईने गवारीची भाजी वाढली. मी विचारलं, "कधी फवारलं होतं?" आईने चमचा परत भांड्यात ठेवला. वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, ते समोर जेवत होते. म्हणाले, "तुला शिकवायचं म्हून औषधं मारली. आता त्याच हाताचं गॉड लागंना व्हय?"

पण पुढच्या खेपेला नानांनी विहिरीजवळ चार वाफे वेगळे काढलेले दिसले. द्राक्षावरचा फवारा उडून येऊ नये म्हणून भोवती शेवरीच्या झाडांचं कुंपण लावलं होतं. "यात कायच मारनार नाय," ते म्हणाले. "अळी पडली तं पडली. तुला घे अन् तुह्या त्या सायबालाही दे."

सरांनी त्या वाफ्यातला पालक तपासला. एकदा, दोनदा, तीनदा. मग खाल्ला. दर सोमवारी मी पिशवी आणायची आणि संध्याकाळी काम संपल्यावर आम्ही ती तपासायचो. लॅबच्या मालकांना हे माहीत होतं, पण सरांना कोण बोलणार? मला तेव्हा अभिमान वाटायचा. ज्या माणसाला नाशकातल्या एकाही भाजीवाल्याचा भरवसा नव्हता, तो माझ्या बापाच्या हातचं खात होता. आपण त्यांना मदत करतोय असं मी धरून चालले होते. खरं तर मी त्यांच्या भीतीला दर आठवड्याला डबा पोचवत होते.

नागली, म्हणजे नाचणी, आणायला ते पेठच्या बाजूला डोंगरात जायचे. एकदा मलाही नेलं. ज्या बाईंकडून ते नागली घेत, त्यांनी आम्हाला बसायला गोधडी टाकली, चुलीवरून दोघांना गरम भाकरी काढली, वर उडदाचं भुजं, म्हणजे त्यांच्याकडचं घट्ट कालवण, घातलं. सरांनी विचारलं, "पाणी कुठलं वापरलं?" बाईंनी खालच्या झऱ्याकडे बोट केलं. सर म्हणाले, आज माझा उपास आहे. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. परत येताना सरांनी गाडी बाजूला घेतली. हात स्टिअरिंगवरच होते. "त्यांना वाईट वाटलं का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. "मला खायची होती," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

सई चौथीत गेली त्या वर्षीची गोष्ट. सर सकाळी हसत लॅबमध्ये आले. ते क्वचित हसायचे म्हणून सगळे जमलो. वर्गात कुणाला तरी भाऊ झाला होता आणि बाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. सई पेढा घेऊन नळावर गेली आणि तिने तो धुतला. "धुतला!" सर म्हणाले. "मी सांगितलेलं नव्हतं. तिचं तिला सुचलं. हातात सगळा विरघळून गेला म्हणे." बाकीचे खो खो हसले. सरही हसले. माझ्या डोळ्यांसमोर ती नळाखाली धरलेली ओंजळ आली.

त्याच महिन्यात एका रविवारी वहिनी माझ्या खोलीवर आल्या. मी त्यांना पूर्वी दोनदाच भेटले होते. हातात कापडी पिशवी होती. त्यांनी ती खाटेवर ठेवली, पाणी प्यायल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"शाळेतून बोलावणं आलं होतं. सईचं वजन मागच्या वर्षीपेक्षा कमी भरलंय. डब्यातलं कुणी काही दिलं तर ती रडते. मैत्रिणी तिला हसतात." त्या थांबल्या. "मी घरात चोरून तिला भात करून घालते. खाते, आणि मग विचारते, आई, आता मला काय होईल?"

मी त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"हे ऐकणार फक्त मशीनचं," वहिनी म्हणाल्या. "या पिशवीत साध्या बाजारातल्या भाज्या आहेत. पालक, भेंडी, बटाटे. तू यावर 'काही आढळलं नाही' असा रिपोर्ट दे. खोटा दे. एकदा त्यांनी बाजारातलं खाल्लं आणि काही झालं नाही, की सुटतील यातून."

"वहिनी, मी आधी तपासून बघते ना."

"आणि निघालं तर? कणभर जरी निघालं तर?"

त्यांचं बरोबर होतं. कणभर निघालंच. मर्यादेच्या आत, कुणीही डोळे झाकून खावं असं. पण सरांच्या लेखी आता मर्यादा उरली नव्हती. मी दोन दिवस तो आलेख पर्समध्ये घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी जानेवारीतल्या एका स्वच्छ नमुन्याचा आलेख काढला, त्यावर पालकाचं नाव आणि नवी तारीख घातली आणि सरांच्या टेबलावर ठेवला. असं करताना कुणी पकडलं असतं तर नोकरी गेली असती, पण त्या क्षणी मला नोकरीची भीती नव्हती. सर कागद उचलतात की नाही, एवढंच मी बघत होते.

त्यांनी उचलला. चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला.

"हा बाजारातला पालक?"

"हो, सर. वहिनींनी आणला होता."

मग पेन्सिल एका जागी हलकेच टेकवली. तिथे एक छोटासा उंचवटा होता, मी कधी लक्षही न दिलेला.

"हा द्राक्षाला असतो," सर म्हणाले. "पालकाला नसतो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची नीट चौघडी केली आणि खिशात ठेवली. "सायखेडा, जगात मी एकाच माणसाचे आकडे पुन्हा तपासत नव्हतो," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. मालकांना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. पण पुढच्या सोमवारी मी नानांची पिशवी ठेवली तेव्हा ती त्यांनी उघडली नाही. संध्याकाळी ती तिथेच होती. मंगळवारीही होती. बुधवारी पालक पिवळा पडला आणि मी पिशवी खोलीवर नेली.

त्यानंतर सरांच्या डब्यात तीन गोष्टी उरल्या. राजगिऱ्याची लापशी, उकडलेला दुधी आणि नागली. मीठ त्यांनी आधीच सोडलं होतं, त्यात प्लॅस्टिकचे कण असतात म्हणून. पाणी मात्र वाढवलं. शरीरातलं सगळं धुऊन निघायला हवं म्हणायचे. टेबलावर तांब्याची मोठी बाटली असायची आणि दिवसभरात ती चार-पाच वेळा भरली जायची. गालांची हाडं दिसायला लागली. शर्टाची कॉलर मानेभोवती फिरायला लागली. दशांशाचा तिसरा आकडा पकडणारा माणूस दुसरा चुकायला लागला, आणि मी तो गुपचूप दुरुस्त करायला लागले. रोज सकाळी त्यांची गाडी फाटकातून आत येईपर्यंत मी खिडकीशी उभी असायचे. आली की सुटकेचा श्वास टाकायचे आणि पुन्हा दिवसभर तो कोंडलेलाच.

मार्चमध्ये, हंगाम ऐन भरात असताना ते झालं. टेबलावर पिशव्यांची रांग, व्हरांड्यात आठ-दहा शेतकरी. सरांनी मला "विंचूर" म्हणून हाक मारली, दुसऱ्याच गावाच्या नावाने. मला वाटलं, थट्टा. मग त्यांनी भरलेल्या नळीत पुन्हा द्रावण ओतलं, ते टेबलावरून खाली सांडलं, आणि ते त्याच्याकडे बघत राहिले.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"गुरुवार, सर. सर, तुम्ही बसा."

ते बसले नाहीत. सरळच्या सरळ मागे पडले. हातपाय झटके द्यायला लागले, दात आवळले गेले. माझी किंकाळी ऐकून शेतकरी आत धावले. एकाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, एक "कांदा हुंगवा, कांदा हुंगवा" म्हणून ओरडत होता, एकाने पिकअपच्या हौद्यातले रिकामे क्रेट खाली फेकून जागा केली. ज्याच्या द्राक्षांचा रिपोर्ट सरांनी आदल्या दिवशी फेल केला होता, त्याचीच ती पिकअप होती. मागे हौद्यात सरांचं डोकं धरून मी बसले होते आणि त्र्यंबक रोडचा प्रत्येक सिग्नल लाल होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, "हे काय काय खातात?"

वहिनींनी तीन नावं सांगितली आणि थांबल्या. डॉक्टर पेन धरून पुढच्याची वाट बघत होते.

"मीठ?"

"सहा महिने झाले, नाही."

"आणि पाणी?"

"खूप. सारखं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शरीरातलं मीठ इतकं उतरलं होतं की मेंदूला सूज आली होती. ते एकदम वर आणता येत नाही, हळूहळू आणावं लागतं, त्यामुळे दोन दिवस आम्ही काचेबाहेर बसून होतो. वहिनींचा भाऊ येवल्याहून आला. त्याने सईला बिस्किटाचा पुडा दिला. ती तो दोन्ही हातांत धरून बसली होती. फोडत नव्हती, परतही देत नव्हती. "माझ्यामुळे झालं का?" तिने मला विचारलं. "मी चोरून भात खाल्ला होता." मी तिला जवळ घेतलं. नाही म्हणाले, पण माझ्या मनात तो चौघडी केलेला कागद होता आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला.

तिसऱ्या दिवशी सर शुद्धीवर आले. मी आत गेले तेव्हा ते मान वर करून सलाइनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होते.

त्यांना वाटलं, एवढंच. मीठ कमी पडलं होतं, आता घेऊ, संपलं. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माझं डोकं ठीक आहे. मी फक्त सावध आहे." वहिनींनी तिथे वाद घातला नाही. घरी आल्यावर त्यांनी बॅग भरली. त्या दिवशी मी औषधं पोचवायला गेले होते, म्हणून हे माझ्यासमोर झालं.

"मी सईला घेऊन येवल्याला जातेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय खायचं ते तुम्ही ठरवा. ती काय खाणार ते आता मी ठरवणार."

"तिथे कसलं तेल वापरतात, तुला माहीत तरी आहे का?"

"नाही. आणि मी विचारणारही नाही."

सई चपला घालून दारात उभी होती. तिने बापाकडे वळून पाहिलं. "बाबा, तुम्ही आता काय खाल?" तिने विचारलं. खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला तरी सर तसेच दाराकडे बघत होते.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. लॅबमध्ये ते परतले होते, पण मालकांनी त्यांना मशीनवरून काढून कागदपत्रांच्या कामाला बसवलं होतं. आम्ही एका छताखाली असूनही आमच्यात बोलणं जवळजवळ नव्हतं. फोनवर ते म्हणाले, "त्या डॉक्टरांच्या दवाखान्याखाली उभा आहे. दुसऱ्यांदा आलोय. जिना चढवत नाही. तू येऊन बाहेर बसशील?"

मग मी दर गुरुवारी जाऊन बसायला लागले. आत ते तासभर असायचे. बाहेर आल्यावर आम्ही समोरच्या कट्ट्यावर टेकायचो. एकदा ते अचानक म्हणाले, "लोकांना वाटतं, मला भूक लागत नाही. मला भयंकर भूक लागते गं. सगळी वर्षं लागलेली आहे."

मी तेव्हा रिपोर्टबद्दल माफी मागितली. त्यांनी बराच विचार केला, एखादा आकडा तपासावा तसा.

"तू केलंस ते चूकच," ते म्हणाले. "पण खरा रिपोर्ट दिला असतास तरी मी खाल्लं नसतं. हेही खरं."

डॉक्टर त्यांना दर आठवड्याला एक गोष्ट द्यायचे. दुसऱ्याने केलेली, न धुतलेली, कुठली ते न विचारता खायची. पहिलं केळं खायला त्यांना पाऊण तास लागला. मी शेजारी बसून होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि मलाही दरदरून घाम फुटला होता. त्याच दिवशी परत जाताना मी गाडीवरची भेळ घेतली आणि उभ्याने संपवली. सर एका महिन्यात दोन पावलं पुढे जायचे, पुढच्या महिन्यात तीन मागे. दिवाळीला येवल्याला गेले आणि न जेवता परतले. तेव्हा वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "मी आता आशा नाही ठेवत. फक्त दार उघडं ठेवते." संक्रांतीला पुन्हा गेले. तेव्हा अर्धी गुळाची पोळी खाल्ली म्हणे. त्यांना एकदा मी विचारलं, भीती गेली का? म्हणाले, "नाही. तिला शेजारी बसवून जेवतो."

गेल्या मे महिन्यात माझा साखरपुडा झाला, सायखेड्याच्या अलीकडच्या एका लॉन्सवर. नानांचा हट्ट, पंगतच बसवायची. मी त्यांना बजावून ठेवलं होतं की सरांना आग्रह करायचा नाही. येतील की नाही तेच माहीत नव्हतं. पण आले. वहिनी आणि सई येवल्याहून एसटीने आल्या, सर नाशकाहून त्यांच्या गाडीने, आणि तिघं एका ओळीत पंगतीला बसले.

मी स्टेजवर खुर्चीत होते, डोक्यावरून पदर, गळ्यात हार. शेजारी होणारा नवरा कुणाशी तरी बोलत होता. माझं लक्ष पंगतीत. वाढपी पुढे सरकत होते. भात पडला, वरण पडलं. सरांचा डावा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. हजार माणसांचं जेवण, कुणी रांधलं, कशात रांधलं, काही ठाऊक नाही. तेवढ्यात नाना जिलब्यांचं ताट घेऊन त्यांच्यासमोर वाकले. मी खुर्चीतून अर्धी उठले. सरांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. नाना क्षणभर थांबले, मान डोलावली आणि पुढच्याच्या पानात दोन जिलब्या जास्त टाकून पुढे गेले. मग फोटोवाल्यांनी समोर भिंत केली आणि मला काही दिसेना.

पंगत उठल्यावर तिघं स्टेजवर आले. वहिनी हसत होत्या, पण त्यांचे डोळे माझ्यावर होते. मी सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं.

"जेवलात का, सर?"

"जेवलो. वरण-भात दोनदा घेतला. एक पोळी. जिलबी नाही जमली."

मी मान हलवली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, माझ्याकडे झुकले आणि आवाज खाली आणला.

"नानांना सांगू नकोस," ते म्हणाले, "पण मठ्ठा फार आंबट झाला होता."

"आंबट?"

"आंबटढाण. ताक कालचं असणार. आलंही जास्त पडलंय. मी निम्मा ग्लास ठेवून दिला."

मला एकदम इतकं हसू आलं आणि डोळ्यांतून इतकं पाणी आलं की शेजारून सासूबाईंनी घाबरून माझा हात धरला. वहिनींनी चटकन मान दुसरीकडे वळवली.

"काही आंबट नव्हता," सई म्हणाली. "मी दोन ग्लास प्याले. बाबांना मठ्ठ्यातलं काही कळतच नाही."

"कळत नाही? अगं, तुझ्या जन्माआधीपासून पितोय मी."

"मग एवढी वर्षं का नाही प्यालात?"

"ते जाऊ दे. पण हा आंबटच होता."

"नव्हता."

आणि मागे ताटकळलेल्या पाहुण्यांना वाट देत, मठ्ठ्यावरून भांडत, बापलेक स्टेजच्या पायऱ्या उतरून गेले.